हाताखाली किती माणसं?

पुण्याहून सुट्टीला आलेलं पोरगं पाठीवरची लॅपटॉपची बॅग उतरवतं न उतरवतं तोच परभणीत पहिला प्रश्न येतो, "हाताखाली किती माणसं हायेत रे?" कोणी नाही, मी कोड लिहितो, असं म्हटलं की चेहरे पडतात. दहा वर्षं झाली आणि अजून लिहितोच?

माझा भाचा मागच्या दिवाळीत गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. विम्याचा हप्ता शेवटच्या दिवशी भरणाऱ्यालाही प्रोग्रॅम दंड लावत होता. अकराला बसला, दोनला सापडलं. तारखेच्या तुलनेत 'बरोबर'चं एक चिन्ह राहून गेलं होतं. मी चहा घेऊन वर गेलो तर पोरगं एकटंच हसत होतं.

यंदा पाडव्याला आला तो प्रोजेक्ट मॅनेजर होऊन. पगार वाढलाय. समोर एक्सेल, कानाला फोन, याची रजा, त्याची डेडलाइन. ते हसू काही दिसलं नाही.

मॅनेजरचं काम मी हलकं मानत नाही. आयबीएमच्या ओएस/360 ची धुरा सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय की, उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की तो आणखी लांबतो. हे ज्याला कळतं आणि क्लायंटच्या तोंडावर सांगता येतं, तो मॅनेजर लाखमोलाचा. पण ते वेगळं काम आहे, कोडच्या वरची पायरी नव्हे. आषाढीच्या दिंडीत वीस वर्षं मृदंग वाजवणाऱ्याला कोणी म्हणतं का, की ठेव आता मृदंग, तुला चोपदार केलं?

आणि "किती दिवस कोडच लिहिणार?" याला उत्तर आहे. केन थॉम्पसन यांनी 1969 मध्ये युनिक्स लिहायला घेतलं. 2009 मध्ये गो ही भाषा जगापुढे आली, तेव्हा तिच्या तीन कर्त्यांत ते होते. वय 66.

खरी अडचण पगाराची. बऱ्याच ठिकाणी कोड लिहिणाऱ्याची शिडी मध्येच संपते. म्हणून मुलाखतीतच विचारा: पंधरा वर्षांच्या अनुभवानंतरही कोड लिहिणारा तुमच्याकडे कोण आहे, आणि त्याला मॅनेजरइतका पगार मिळतो का? एकही माणूस दाखवता आला नाही, तर काय ते समजून घ्या.

स्वतःलाही एक विचारा. अडलेला प्रोग्रॅम चालला की जास्त बरं वाटतं, की अडलेलं माणूस मार्गी लागलं की? दुसरं असेल तर बेलाशक मॅनेजर व्हा, घरच्यांनी विचारायची वाट बघू नका.

भाच्याला मी अजून काही बोललो नाही. येत्या दिवाळीत चहा घेऊन गच्चीवर जाणार आहे. ते राहून गेलेलं चिन्ह त्याला नेमकं कसं दिसलं, हे पुन्हा एकदा त्याच्याच तोंडून ऐकायचंय.