चालत्या यादीतून उतरू नये

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला लागणारी एकमेव पात्रता, म्हणजे निवडीच्या सभेला गैरहजर राहणं, माझ्याकडे होती. त्यात निवृत्तीनंतर पायथन शिकायला घेतलेलं. मेंटेनन्स भरणाऱ्यांची नावं वहीत खोडत बसण्यापेक्षा प्रोग्रामनेच खोडावीत, असं डोक्यात आलं आणि तिथेच घात झाला.

चौकोनी कंसात स्वल्पविराम देत फ्लॅट नंबर लिहिले की लिस्ट तयार. मोजणी मात्र शून्यापासून. डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकतज्ज्ञाने १९८२ साली खास टिपण लिहून शून्याचीच बाजू घेतली होती. मला पटवायची गरज पडली नाही. आमच्या लिफ्टमध्येही तळमजल्याचं बटण शून्यच आहे.

सगळे फ्लॅट लिस्टमध्ये घातले आणि फॉर लूप लावला : एकेक फ्लॅट बघ, पैसे आले असतील तर रिमूव्ह कर. एरर आला नाही. एरर नाही म्हणजे बरोबर, अशी माझी भाबडी समजूत. यादी छापून बोर्डावर लावली.

संध्याकाळी १०२ मधले मास्तर पावती घेऊन दारात. एक तारीख न चुकवणारा माणूस, आणि नंबर यादीत सर्वांत वर!

"चेक वटलाय, सेक्रेटरी. बँकेला कळलं, तुम्हालाच कळायचं राहिलं."

भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. कोड बघून ती आधी पोटभर हसली. "मामा, लूप ज्या लिस्टवर फिरतोय तिच्यातूनच काढतोयस? शून्याच्या जागेवरचा १०१ काढलास. १०२ सरकून शून्यावर आला. लूप तोवर एकवर गेला. मास्तरांना कुणी विचारलंच नाही!"

म्हणजे पैसे भरणाऱ्याच्या शेजारी राहून आपणही पैसे भरणं, हा आमच्या बिल्डिंगमध्ये गुन्हा ठरला होता.

उपाय सोपा : ज्यांची बाकी आहे त्यांची वेगळी, नवी लिस्ट करायची. केली. डोळ्यांत तेल घालून तपासली. नंबर क्रमाने होतेच, तरी खात्री म्हणून शेवटी डॉट सॉर्ट जोडलं आणि येईल ते उत्तर त्याच लिस्टच्या नावात ठेवलं. सॉर्ट जागच्या जागी क्रम लावतं, हातात परत काहीच देत नाही, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. प्रिंटरमधून निघालेला कागद न बघताच वॉचमनच्या हाती दिला.

बोर्डावर नवी नोटीस झळकली : 'थकबाकीदार : नन.'

दोन वर्षं एक पैसा न भरलेल्या ३०४ ने तिचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली जोडलेले हात आणि, "सेक्रेटरीसाहेब, मनापासून आभार."