साहेब जागेवर नाहीत

आमच्या कार्यालयात ईपीएबीएक्स, म्हणजे आपोआप फोन जोडून देणारं यंत्र, आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यातल्या सगळ्या सोयी आमच्याकडे होत्या. फक्त त्या एका लाकडी खुर्चीवर, पाठीला उशी लावून, मांडीवर विणकाम घेऊन बसायच्या. ऑपरेटरबाई.

पहिल्या 'हॅलो'लाच बाई माणूस ओळखत. पैसे मागणारा असला की साहेब दौऱ्यावर. पैसे देणारा असला की "आत्ताच आले बघा." साहेबांच्या घरून फोन असला की साहेब मीटिंगमध्ये, आणि त्याच क्षणी शिपाई त्यांना शोधायला कॅन्टीनकडे पळालेला. एवढं सगळं स्वेटरचा एक टाकाही न सुटता.

मग यंत्र आलं. ते बसवणाऱ्या मुलाने आम्हाला दोन तास शिकवलं, तेव्हा कळलं की आपण जन्मभर जे करत आलो त्याला इंग्रजी नावं आहेत. दुसऱ्याच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या जागेवरून घेणं म्हणजे कॉल पिकअप. आमच्यात याला भोचकपणा म्हणत. न विचारता कुणाच्याही गळ्यात फोन मारणं म्हणजे ब्लाइंड ट्रान्सफर. हंट ग्रुप म्हणजे एकाने उचलला नाही तर दुसऱ्याकडे, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याकडे वाजत जाणं. हिशेब विभागात चौघे होते आणि चौघांचा एकमेकांवर गाढ विश्वास होता. साहेब फक्त 'डू नॉट डिस्टर्ब' शिकले. तेवढं त्यांना निवृत्तीपर्यंत पुरलं.

खरी करामत कॉल फॉरवर्डने केली. स्टोअरवाल्याने आपलं एक्स्टेंशन हिशेबाकडे वळवलं. हिशेबाने आपलं आधीच स्टोअरकडे वळवून ठेवलं होतं. एका पुरवठादाराला आठवडाभर एंगेज्ड टोन येत राहिला. "तुमच्याकडची माणसं फार कामात असतात हो," असं तो भेटल्यावर आदराने म्हणाला.

जोडून दिलेला फोन कुणी घेतला नाही की अर्ध्याएक मिनिटात तो पुन्हा बोर्डावर येई. दिवा लुकलुकला की बाई म्हणत, "आली पुन्हा माहेरी!" मग तिची समजूत काढून पुन्हा सासरी पाठवणी. तोवर होल्डवर बीथोव्हनचं 'फ्यूर एलिझ' वाजे, तेही भातुकलीतल्या पेटीसारखं. या होल्डच्या संगीताचा शोधही म्हणे अपघाताने लागला. आल्फ्रेड लेव्ही या अमेरिकन कारखानदाराच्या फोनची सुटी तार लोखंडी तुळईला टेकली आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचं गाणं फोनमध्ये उतरलं. १९६६ मध्ये त्याला पेटंट मिळालं. एका तारेपायी आपल्या सर्वांचे कान गेले.

ऑपरेटरवाचून चालणाऱ्या एक्स्चेंजची कथा तर याहून नामी. कॅन्सस सिटीतला आल्मन स्ट्राउजर अंत्यसंस्काराचा व्यवसाय करायचा. असं सांगतात की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच एक्स्चेंजवर ऑपरेटर होती, आणि मयताच्या घरून आलेला फोन ती बिनबोभाट नवऱ्याला जोडून द्यायची. चिडून त्याने बाईविना चालणारा स्विच काढला; पेटंट १८९१ चं. हे मी आमच्या बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. सुई न थांबवता त्या म्हणाल्या, "मग त्यात तिचं काय चुकलं?"

पुढे 'हिशेबासाठी एक दाबा, स्टोअरसाठी दोन दाबा' आलं. बाहेरच्या आवाजाला पैसे कशाला द्या, म्हणून बाईंचाच आवाज घ्यायचं ठरलं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बाई पैठणी नेसून आल्या. आवाजाला पैठणी कशाला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. वर्षभरात बाई निवृत्त झाल्या, खुर्ची भंगारात गेली, आवाज मात्र नोकरीत राहिला.

परवा बाईंचा फोन आला. ग्रॅच्युइटीच्या कागदासाठी त्यांनी कार्यालयात फोन लावला होता. एक दाबला, दोन दाबला, शेवटी ऑपरेटरसाठी शून्य दाबला.

"मग?"

"मग काय! मीच मला सांगतेय, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणून. वीस मिनिटं!" बाई क्षणभर थांबल्या. "अहो, पण काय बेमालूम खोटं बोलते मी! मलाच खरं वाटलं."