सव्वासातला पॅरासिटामॉल पाजणाऱ्या सहपालकास अनावृत पत्र

सहपालक महोदय (किंवा महोदया),



आपण नक्की कोण, हे मला ठाऊक नाही. संशय तिघाचौघांवर आहे. पण मी पुण्यात वाढलेली बाई आहे. पुराव्याशिवाय कुणावर तोंडावर आरोप करत नाही, पत्र लिहिते.

प्रथम आपल्या औषधशास्त्राच्या अभ्यासाबद्दल अभिनंदन. पॅरासिटामॉल पोटात गेलं की अर्ध्या-पाऊण तासात ताप उतरायला लागतो आणि चार ते सहा तास दबून राहतो, हे आपल्याइतकं बारकाईने औषधाच्या दुकानदारानेही हेरलं नसेल. सव्वासातला पाजलं, की आठला पाळणाघराच्या दारात मूल गारेगार. मावशी पालथा हात कपाळाला लावतात, "काही नाही, ये सोन्या" म्हणतात आणि आपली गाडी हिंजवडीच्या दिशेने सुटते. साडेबाराला, बरोबर वरणभाताच्या वेळी, औषध उतरतं. मूल ताटलीशेजारी डोकं टेकवतं. थर्मामीटर १०२ दाखवतो. मावशी आपल्याला फोन लावतात. आपण मीटिंगमध्ये असता. हा योग इतक्या वेळा जुळून आला आहे, की आपल्या ऑफिसात सगळ्या मीटिंगा साडेबारालाच का ठेवतात याची एकदा चौकशी व्हायला हवी.

मधल्या साडेचार तासांचा वृत्तान्त आपल्यापर्यंत पोचत नाही, म्हणून कळवते. पाळणाघरात एक लाल डंपर आहे. त्याचं मागचं एक चाक केव्हाच गेलंय, त्यामुळे तो चालवण्यापेक्षा चावण्याच्या कामी जास्त येतो. आपल्या चिरंजीवांनी तो मन लावून चावला आणि मग 'वाटून घ्यायचं हं' या मावशींच्या शिकवणीला जागून माझ्या मुलाच्या हाती दिला. त्याने चावून पुढे पाठवला. आपण मोठी माणसं आयुष्यभर शिकत नाही तो दानधर्म ही मुलं दोन वर्षांची असताना करतात, आणि दोन दिवसांनी माझ्या घरी रात्री दीड वाजता त्याची पावती येते.

तोंडावर विचारलंच तर आपलं उत्तर तयार असतं: "अहो, दात येतायत." दुधाचे दात एकूण वीस. आपल्या मुलाला गणपतीपासून ज्या वेगाने दात येतायत, तो पाहता एव्हाना त्याच्या तोंडात मगर बसली असती. दात येताना लाळ गळते, मूल किरकिर करतं, अंग किंचित कोमट लागतं, हे खरं. पण १००.४ च्या वरचा ताप दातांनी येत नाही, असं कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. आपल्याकडे मात्र दात म्हणजे सरकारी खात्यातला तो एक कारकून आहे, सगळ्या फायली त्याच्याच नावावर ढकलायच्या.

पुरळाचा किस्सा तर मी जपून ठेवला आहे. "डास चावलेत हो, सोसायटीत फवारणीच करत नाहीत." मी पाहिलं तर डास तळहातांवर, तळपायांवर आणि ओठांच्या कडेला चावले होते. इतके शिस्तीचे डास पुण्यात असते तर महापालिकेने त्यांना वाहतुकीला लावलं असतं. हा हात-पाय-तोंडाचा आजार, कॉक्सॅकी नावाच्या विषाणूंच्या घराण्यातला. २०२२ मध्ये केरळात 'टोमॅटो फ्लू' म्हणून ज्याच्या बातम्या झाल्या, तोही बहुधा हाच. बहुतेक मुलांना फार काही होत नाही, आठवडा-दहा दिवसांत निभावतं. पण तो आठवडा बघावा लागतो. तोंडात फोड आले की मीठ घातलेल्या भाताचा घास आत जाताच मूल किंचाळतं. आमच्याकडे थंड दही आणि आइस्क्रीम एवढ्यावर दिवस काढले, आणि मूल बरं झाल्यावर महिनाभराने दोन बोटांची नखं अलगद निघून आली. त्या सकाळी माझ्या पोटात गोळा आला, डॉक्टर मात्र मान वर न करता म्हणाले, "होतं असं, नवीन येतील." आली.

उलट्यांच्या वेळी आपण "काल श्रीखंड जास्त झालं" असं कळवलंत. ते श्रीखंड मग माझ्या मुलाला, मला, त्याच्या बाबाला आणि शेवटी मदतीसाठी कराडहून एसटीने आलेल्या सासूबाईंनाही बाधलं. बिचाऱ्या नातवाला सांभाळायला आल्या आणि तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजत होतो. जाता जाता सांगते: पाळणाघराच्या दाराशी टांगलेली सॅनिटायझरची बाटली पोटाच्या या विषाणूंपुढे फारशी चालत नाही. नोरोव्हायरससारख्यांना साबण आणि वाहतं पाणीच लागतं. आपण बाटली दोनदा दाबता आणि निर्धास्त होऊन जाता, ते बघून मला गहिवरून येतं.

सासूबाई बऱ्या झाल्यावर त्यांचं खातं सुरू झालं. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट, तव्यावर शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी, रात्री चमचाभर मध. वर्षावरच्या मुलाला मधाने खोकल्याला जरा आराम पडतो, हे आमचे डॉक्टरही मान्य करतात. पुरचुंडीत कापूर मात्र नको, लहान मुलाला तो बाधू शकतो, असं ते म्हणाले. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. तोही आपल्या नावावर लिहून ठेवला आहे.

डॉक्टरांकडे मी पहिल्या पावसाळ्यात तावातावाने गेले होते, की याची काहीतरी मोठी तपासणी करा. त्यांनी शांतपणे गणित मांडलं. पाळणाघरात जाणाऱ्या या वयाच्या मुलाला वर्षाला आठ-दहा वेळा सर्दी होणं ही नेहमीची गोष्ट. एक सर्दी सात ते दहा दिवसांची, मागे रेंगाळणारा खोकला वेगळा. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार, त्यामुळे एकदा होऊन गेली म्हणून सुटका नाही. गुणाकार केला तर वर्षातले साठ ते शंभर दिवस नाक वाहणार, आणि ते बहुतेक जूनपासून फेब्रुवारीपर्यंत दाटीवाटीने बसणार. नाकातून हिरवं येतंय म्हणजे अँटिबायोटिक लागणार, असंही नाही. विषाणूंना अँटिबायोटिक लागू पडत नाही. तरी वेटिंग रूममध्ये "डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या, सोमवारी माझं प्रेझेंटेशन आहे" असं म्हणणारा आवाज मी ऐकला आहे. तो आपला होता का?

सर्दी-खोकल्याच्या बाटल्यांबद्दल मात्र मी थट्टा करणार नाही. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन या नेहमीच्या जोडऔषधावर 'चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये' असं छापा, असा आदेश औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात काढला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्यात विषारी कफ सिरपने लहान मुलं गेली. त्यांतल्या कित्येकांना उपचारांसाठी नागपुरात आणलं होतं. तेव्हा आपल्या त्या 'मागच्या वेळची उरलेली बाटली आहे, देऊ का?' या पालकांच्या ग्रुपवरच्या उदार मेसेजला माझ्या वतीने कायमचं 'नको'.

यावर आपलं ठेवणीतलं वाक्य असतं: "अहो, इम्युनिटी वाढते!" यात तथ्य आहे, म्हणून जास्तच राग येतो. अमेरिकेतल्या टूसान शहरात मुलांच्या मागे जन्मापासून वर्षानुवर्षं लागून केलेला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला. मोठ्या पाळणाघरांत गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी जास्त सर्द्या झाल्या, सहा ते अकरा वर्षांच्या काळात कमी झाल्या आणि तेराव्या वर्षापर्यंत सगळे सारखेच झाले. म्हणजे कर्ज तेवढंच, हप्ते आधी. ठीक आहे, मी हप्ते भरते. पण आपले हप्ते माझ्या खात्यातून का?

आता मुद्द्याचं. हे सगळं आपण दुष्टपणाने करता असं मला वाटत नाही, आणि वाटलं असतं तर हे पत्र सोपं झालं असतं. सव्वासातच्या त्या स्वयंपाकघरात मीही उभी असते. एका हातात डबा, कडेवर गरम मूल, मोबाइलवर नऊच्या कॉलची आठवण, फ्रीजच्या दारात ती बाटली. आपल्या मनात काय चालतं ते मला अक्षरन् अक्षर ठाऊक आहे.

कायद्याने आपल्याला काय दिलंय ते पाहा. मूळ मातृत्व लाभ कायदा १९६१ चा होता, त्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यावं, असंही लिहिलं. उत्तम. पण तापलेलं मूल ते पाळणाघरही घेणार नाही, घेऊही नये. सव्विसाव्या आठवड्यानंतर मूल आजारी पडेल, ही शक्यता कायदा करणाऱ्यांना सुचलेलीच दिसत नाही. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला मुलं अठराची होईपर्यंत एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. तिथल्या बायकांचा मला हेवा वाटतो. खासगी कंपनीत आपण काय करतो? "माझं पोट बिघडलंय" असं मॅनेजरला कळवून स्वतःची आजारपणाची रजा मुलाच्या आजारपणाला वापरतो. चार दिवसांत पोट खरंच बिघडतं, तेव्हा रजा संपलेली असते.

आणि हे 'आपण' म्हणजे बहुतेक वेळा आई. आमच्या पाळणाघराच्या फॉर्मवर बाबाचा नंबर पहिला लिहिलाय, ठळक अक्षरांत. फोन मलाच येतो. बाबा घरून काम करत मुलाला सांभाळतोय असं त्याच्या ऑफिसात कळलं, की "वा, काय बाप आहे!" होतं. मी सांगितलं की नुसतं "परत?" येतं. बाबांच्या कौतुकाला माझी ना नाही. त्यातलं थोडं सुट्टं करून मिळेल का, एवढंच.

मावशींचं कुणी विचारत नाही. आपल्या मुलाचं नाक त्या पुसतात, उलटी त्या निपटतात, आणि मग त्याच खोकत खोकत बाकीच्यांना खिमट भरवतात. कारण त्या घरी राहिल्या तर त्यांचा दिवसाचा पगार कापला जातो. आपण महिन्याची फी गैरहजेरीतही भरतो म्हणून कुरकुरतो. मला ती कुरकुर पटत नाही. आपलं मूल घरी असलं तरी मावशींच्या घरी चूल पेटवावीच लागते. त्यांना भरपगारी आजारपणाची रजा द्यायची म्हणून फी दोनशे रुपयांनी वाढली, तर मी पहिली भरेन. थर्मामीटर जिच्या हातात आहे तिला स्वतःला ताप आल्यावर घरी बसता येत नसेल, तर दारावरच्या नियमांच्या पाटीला काही अर्थ नाही.

तेव्हा माझं मागणं फार नाही. नुसत्या शेंबडाला माझी हरकत नाही, खुशाल पाठवा. सर्दी दिसायच्या आदल्या दिवसापासूनच पसरते; वाहत्या नाकाची सगळी मुलं घरी ठेवली तर पाळणाघर दिवाळीला उघडेल. ताप असेल, उलट्या-जुलाब असतील, अंगावर नवे फोड आले असतील, तर मात्र मूल घरी. ताप उतरला असं औषधाच्या आधाराशिवाय एक पूर्ण दिवस गेल्यावरच म्हणायचं. हात-पाय-तोंडाचा विषाणू शौचातून पुढे कित्येक आठवडे जात राहतो, म्हणून तेवढे आठवडे घरी ठेवा असं कुणीच म्हणत नाही. ताप आणि ओले फोड असेपर्यंत थांबा, पुढचं मावशी साबणाने बघून घेतील. पावसाळ्यात आपल्याकडे फ्लू जोर करतो, तर मे महिन्यातच लशीचं डॉक्टरांना विचारा. आणि काय झालंय ते ग्रुपवर खरं लिहा. आदल्या रात्री नऊला कळलं, तर बाकीच्या घरांत कुणी कॉल पुढे ढकलेल, कुणी कराडला फोन करेल. दुपारी साडेबाराला कळलं तर सगळ्यांचीच फक्त पळापळ होते.

येत्या शनिवारी अकरा वाजता पालकसभा आहे. मूल आजारी असताना आई किंवा बाबा, दोघांपैकी कुणालाही घेता येईल अशी वेगळी पगारी रजा द्या, असा अर्ज प्रत्येकाने आपापल्या कंपनीला द्यायचा, हा माझा प्रस्ताव आहे. मसुदा मी छापून आणते. मावशींच्या रजेचाही विषय त्याच दिवशी मांडणार आहे. आपण कोण हे मी विचारणार नाही, सही करायला तेवढे या. आणि त्या दिवशी आपल्या मुलाला ताप असेल, तर कृपा करून दोघांपैकी एकानेच या, दुसऱ्याने मुलापाशी घरी थांबा.

कळावे,
आपली,
एक सहपालक