गिट म्हणतं, काही झालंच नाही

सकाळपासून फाईलींवर घाम गाळावा, 'गिट स्टेटस' विचारावं आणि उत्तर यावं, 'नथिंग टू कमिट'! नागपूरच्या आयटी पार्कात मे महिन्याच्या दुपारी, कूलरही गरमच हवा फेकत असताना, हे वाक्य जरा जास्तच झोंबतं. शेजारून हमखास विचारणा होते, "अबे, सेव्ह तं केलं ना?" प्रश्न अपमानकारक, पण चोर बहुतेकदा तिथंच सापडतो. नाहीतर बदल केलेले असतात एका फोल्डरमध्ये आणि गिटला विचारणं चाललेलं असतं दुसऱ्यातच.

गिटचा स्वभाव मात्र समजून घेण्यासारखा आहे. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली लिनक्सच्या अवाढव्य पसाऱ्यासाठी ते लिहिलं, तेव्हा वेग हवाच होता. म्हणून ते दर वेळी प्रत्येक फाईल उघडून वाचत बसत नाही. सोसायटीच्या चौकीदारासारखं आपल्या वहीत बघतं: आकार तोच, शेवटच्या बदलाची वेळ तीच, मग जा! एखाद्या साधनानं आकार कायम राखून वेळही जुनीच लावली, तर गिट क्वचित फसतंही.

पण दोष सहसा आपल्याच जुन्या हुकमांचा. 'गिटइग्नोर'मध्ये कुणीतरी एक ओळ लिहून केव्हाच पुण्याला नोकरीला गेलेलं असतं आणि आपली नवी फाईल तिच्या तावडीत सापडते. 'चेक-इग्नोर'ला 'व्ही' जोडला की ती ओळ नेमकी पुढ्यात येते. 'अज्यूम-अनचेंज्ड' लावून विसरलेल्या फाईली 'एलएस-फाइल्स'च्या यादीत, तिथंही 'व्ही' जोडल्यावर, छोट्या एचवरून ओळखू येतात.

मराठी नावांचं दुखणं निराळंच. 'संत्री' नावाची नवी फाईल केली, तरी 'स्टेटस'च्या यादीत संत्री कुठंच नाही! असते, पण ३४०, २४४, २७० अशा आकड्यांची माळ घालून. देवनागरी नावं गिट मुळात अशीच छापतं. संत्र्यांच्या शहरात हा अपमान फारच झाला. 'दऱ्या'मधला ऱ त्याहून बेरकी. तो एकसंध लिहिता येतो, तसाच 'र'ला नुक्ता देऊनही. डोळ्यांना फाईल एकच दिसते, गिटच्या हिशेबी त्या दोन होऊ शकतात.

म्हणून लगेच नावं इंग्रजीत करायला धावू नका. 'कोअर.कोटपाथ' एकदा 'फॉल्स' करा, यादीत संत्री संत्रीच दिसेल.