अधूनमधून बंद पडणाऱ्या बुलेटचे निदान : इच्छुक मालकांसाठी मार्गदर्शक सूचना

१. व्याप्ती

सदर सूचना जुन्या बुलेटला लागू आहेत. जुनी म्हणजे जिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे, जिच्या आत पॉइंट आहेत आणि जिच्या हेडलाईटच्या वर अँपिअर मीटरचा काटा आहे, अशी. १९५५पासून मद्रासेत बनू लागलेल्या या गाडीत पुढची कित्येक वर्षे फारसे काही बदलले नाही, त्यामुळे तिचे बिघाडही बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे येतात.

ज्यांची गाडी कायमची बंद पडली आहे त्यांनी पुढे वाचू नये. त्यांचे नशीब चांगले आहे. बंद गाडीत दोष सापडतो. मधेच बंद पडून मधेच चालू होणाऱ्या गाडीत फक्त मत सापडते, तेही प्रत्येकाचे वेगळे.

२. शहानिशा

बिघाड विजेचाच आहे ना, हे आधी ठरवावे. करंट तुटला की इंजिन बटण दाबल्यासारखे जागच्या जागी गप्प होते. पेट्रोल तुटले की ते आधी कुरकुरते, आचके देते आणि मग मान टाकते. टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक भोक बुजले, तरी गाडी काही अंतर जाऊन थांबते आणि झाकण उघडताच शहाणी होते. या एका भोकापायी पूर्ण वायरिंग बदलून घेणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. तीत भर घालू नये.

३. साहित्य

इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन लांब वायरी. साधा मल्टिमीटर. पॉलिश पेपर. फीलर गेज. वही व पेन्सिल. काळी चिकटपट्टी असल्यास ती घरीच ठेवावी. ती जवळ असली की हात शिवशिवतात, आणि जो दोष शोधायचा तोच तिच्याखाली गुंडाळला जातो.

४. मेस्त्रीकडे नेणे

नेऊ नये असे नाही, पण अपेक्षा ठेवू नये. हा बिघाड पाहुण्यांसमोर गुणी होणाऱ्या पोरासारखा असतो. गॅरेजच्या दारात संवाद होतो तो असा :

"काय होतंय?"

"मधेच बंद पडते, मेस्त्री."

"आत्ता तर चालू आहे."

"आत्ता चालू आहे."

"मग बंद पडली की आणा."

या सल्ल्यात तार्किक चूक काढता येत नाही. फक्त ती बंद पडते तेव्हा गॅरेज बारा किलोमीटरवर असते.

५. काट्याची साक्ष

घटनास्थळी हजर असलेला एकमेव निःपक्ष साक्षीदार म्हणजे अँपिअर मीटर. गाडी बंद पडल्यावर मालक सर्वप्रथम किल्ली बंद करतो, कपाळ पुसतो आणि दणादण किका मारू लागतो. यात पुरावा नष्ट होतो. किल्ली चालू ठेवावी आणि किक हाताने किंवा पायाने हळूहळू खाली दाबत काटा बघावा.

काटा वजाकडे झुकला आणि पुन्हा मध्यावर आला, असे होत राहिले, तर पॉइंट मिटताहेत, उघडताहेत आणि कॉइलपर्यंत करंट जातो आहे. संशय कॉइल, कंडेन्सर, प्लगची वायर यांच्यावर. काटा मध्यावरच ढिम्म असेल, तर करंट वाटेतच तुटला : हॉर्न दाबावा. तोही मुका असेल तर बॅटरीचे टर्मिनल, फ्यूजची पकड किंवा किल्लीचा स्विच. हॉर्न वाजला तर पॉइंट मळलेत किंवा कॉइलला जाणारी वायर सुटली आहे. काटा वजाच्या टोकाला जाऊन आदळला, तर कुठे तरी सरळ शॉर्ट आहे. किल्ली त्या क्षणी बंद करावी.

एक इशारा : किल्ली चालू ठेवून चहाला जाऊ नये. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते. किल्ली बंद करून चहा पिऊन आल्यावर गाडी चालू झाली, तर कॉइल तापल्यावर दगा देते असे समजावे. आनंद मानू नये.

६. हलवाहलवी

रात्री, गाडी उभी करून, इंजिन संथ ठेवून, एका वेळी एकच वायर हलवावी. सुरुवात हँडलपासून : पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. हजारो वळणांत इथल्या वायरी आतल्या आत तुटतात. वरचे आवरण शाबूत, आत दोन-चार तारा एकमेकींना जेमतेम शिवलेल्या. मग हेडलाईटच्या आतला गुंता, टाकीखाली चेसिसला घासणारी जागा, सीटखालचे कप्लर. इंजिनाने जिथे आचका दिला तिथे थांबावे. अंधारातच पॉइंटचे झाकण काढून बघावे. बारीक ठिणगी चालेल; मोठ्या निळ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर.

७. अर्थिंग

हेडलाईट लावून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या वजा टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावे. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब. हौसेने गाडी रंगवून घेतलेल्यांनी हे कलम दोनदा वाचावे. रंगातून वीज वाहत नाही, रंग कितीही महागाचा असो.

८. निषिद्ध

जळालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणे. दोन वायरी पीळ देऊन जोडणे आणि "तात्पुरतं आहे" म्हणणे. एका रविवारी प्लग, कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी चारही बदलणे. गाडी सुधारली तर का सुधारली ते कळत नाही, आणि नाही सुधारली तर चार नवे संशयित तयार होतात.

९. दुरुस्ती झाल्याचा दाखला

गाडी आठवडाभर बंद पडली नाही, हा पुरावा नव्हे. ती आधीही आठवडाभर चालत असे. खरा पुरावा एकच. दुरुस्तीत घट्ट केलेला स्क्रू पुन्हा सैल करावा आणि गाडी बंद पाडून दाखवावी. मग घट्ट करून चालू करावी. दोन्ही जमले तर दोष तोच होता. वहीत तारखेसह नोंद करावी.

इथवर आलेले बहुतेक मालक हा स्क्रू सैल करायला धजत नाहीत. त्यांनी वहीत 'दुरुस्त' असे न लिहिता 'सध्या चालू' असे लिहावे, आणि गाडी विकण्याचा विचार असल्यास तो याच आठवड्यात अमलात आणावा.