दाराजवळचा बाक

पन्नाशीचा विद्यार्थी पहिल्या बाकावर बसत नाही. तो दाराजवळ बसतो, कारण त्याचा फोन कधीही वाजतो आणि तो घ्यावाच लागतो. पलीकडे मजुरांचा मुकादम असतो, नाहीतर सासूबाई. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्र घेणाऱ्या समंत्रकाला हे लवकर कळतं. बाकं शाळकरी मुलांच्या मापाची, त्यामुळे दाराकडे पाय मोकळे सोडता येतात, हाही एक फायदा.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकचं, १९८९ सालचं. पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. गोदावरीलाच गंगा म्हणणाऱ्या गावाला ते शोभतं. फक्त दर घरचं भांडं वेगळं. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी करून पदवीकडे जायची वाट विद्यापीठानं ठेवली, म्हणून एकाच वर्गात अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, द्राक्षबागायतदार आणि सातपूरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून थेट आलेला फिटर. फिटर पहिला तास डोळे उघडे ठेवून झोपतो. त्या तासाला मी अवघड काही घेत नाही. मागच्या रविवारची उजळणी घेतो. ज्यांना चाळिशी लागली आणि ती घरी राहिली, त्यांच्यासाठी फळ्यावर अक्षर मोठं काढतो. इतपत जमतं.

खरी कसोटी अर्थशास्त्रात. मागणीची लवचिकता शिकवायची होती. पुस्तकात आलेख होता, मी तो फळ्यावर काढला. वर्ग आदरानं बघत राहिला. आदर दिसू लागला की समजावं, कुणाला काही कळलेलं नाही. दाराजवळून लासलगावकडचे एक काका म्हणाले, “सर, भाव पडला म्हणून भाजीत दोनाऐवजी चार कांदे कोण टाकतं? आणि चढला म्हणून सोडतंय कोण?”

अख्खा धडा त्यांनी दोन वाक्यांत उरकला. मग मी खुर्चीवर बसलो आणि काका उभे राहिले. उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, लाल कांदा टिकत नाही, म्हणून लाल कांदेवाल्याला मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा ट्रॅक्टर भरलेला होता आणि दुसऱ्या दिवशी लिलावात भाव कोसळला. पुरवठ्याची लवचिकता, साठवणखर्च, सरकारी हस्तक्षेप, सगळं आलं. माझ्याकडे काम उरलं ते एवढंच, की त्यांनी सांगितलेल्याला पुस्तकात काय म्हणतात ते फळ्यावर लिहायचं. तेही गरजेचंच. परीक्षेत ‘आमचा ट्रॅक्टर’ लिहून मार्क मिळत नाहीत, आणि काकांना मार्क हवे आहेत. नात तोंडाला कुलूप घालील म्हणतात, नापास झालो तर.

माझ्या मते प्रौढांना शिकवण्याची निम्मी कला आपण कधी गप्प बसावं यात आहे. लहान मुलांच्या वर्गात ती कुणी शिकवत नाही.

उरलेली निम्मी वेळापत्रकात आहे. म्हणून वेळापत्रकं आखणाऱ्यांना एक विनंती: ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी चालू असताना दिंडोरी-निफाडच्या लोकांची महत्त्वाची सत्रं ठेवू नका. वर्ग रिकामा दिसेल, आणि लोकांना शिकायची आवडच राहिली नाही असा अहवाल तुम्ही लिहून मोकळे व्हाल.