दोन तास बेवारस

आहारतज्ज्ञ स्त्रीच्या घरी पालेभाजी दिसताच मुले आनंदाने पानावर येऊन बसतात, फोडणीचे तेल थेंब मोजून पडते आणि आजारपण उंबऱ्याबाहेरूनच परत जाते, अशी जी एक समजूत पुण्याच्या मध्यमवर्गीय समाजात रूढ झाली आहे, तिचा उगम शोधणे हे इतिहाससंशोधकांचे काम असले, तरी तिचे परिणाम भोगणे मात्र माझ्या वाट्याला आलेले आहे. मंडईतून परतताना शेजारच्या वहिनी माझ्या पिशवीकडे जुन्या जकात नाक्यावरील कारकुनाच्या नजरेने पाहतात. पिशवीत मेथीची जुडी निघाली तर त्यांना समाधान होते, आणि फरसाणाची पुडी निघाली तर त्याहून अधिक समाधान होते.

वास्तविक माझा दिवस तीन दफ्तरांत विभागलेला आहे. सकाळी दवाखाना, दुपारी नाचणीचे सत्त्व, लाडू आणि मेतकूट तयार करून विकण्याचा छोटासा कारखाना, आणि उरलेल्या सर्व वेळी, म्हणजे या दोहोंच्या आधी, नंतर आणि मधूनमधूनही, संसार. तिन्ही दफ्तरांचा कारभार परस्परांपासून स्वतंत्र राहावा असा माझा मूळ हुकूम होता. तो अमलात कधीच आला नाही. रुग्णाच्या रक्तातील साखरेचा अहवाल वाचीत असावे, तो गिरणीवाल्याचा फोन येतो, "ताई, गव्हाच्या आधी तुमची नाचणी घेतो, पण आत्ता या, नाहीतर मग संध्याकाळी." गिरणीत पिठाच्या धुरळ्यात उभे असावे, तो शाळेचा निरोप येतो की, चिरंजीवांनी उद्या ‘समतोल आहाराचे महत्त्व’ या विषयावर पाच ओळी पाठ करून यायच्या आहेत. आणि रात्री त्या ओळी पाठ करून घेत असावे, तो चिरंजीव अत्यंत निष्पाप चेहऱ्याने विचारतात, "आई, हे खरं आहे, की फक्त शाळेपुरतं?"

दवाखान्यातील कामाचा पाया म्हणजे जबानी. गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्ले हे रुग्णाने आठवून सांगावे आणि आम्ही ते वाटी, चमचा, फुलका अशा मापांत उतरवून घ्यावे, अशी शास्त्राची रीत आहे. आणि ज्या कोणी ती घालून दिली त्याने सदाशिव पेठेतील सेवानिवृत्त गृहस्थाची जबानी कधी घेतली नसावी, असे माझे नम्र मत आहे. "सकाळी एक कप चहा, दुपारी दोन फुलके, रात्री विशेष काही नाही," एवढ्यावर गृहस्थ आपले निवेदन आटोपते घेतात. तेव्हा शेजारी बसून इतका वेळ पंख्याकडे पाहत असलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, "मग डब्यातल्या चकल्या काय मांजरानं नेल्या?" एवढाच पुरावा दाखल करतात, आणि पुढील सुनावणी तहकूब करण्यावाचून मला गत्यंतर उरत नाही. साखर सोडलेली मंडळी हमखास गुळाच्या आश्रयास गेलेली असतात. शंभर ग्रॅम साखरेत ३९८ कॅलरी आणि तेवढ्याच गुळात ३८३, ही कोष्टकातील नोंद मी वाचून दाखवली की, त्या पंधरा कॅलरींसाठी आपण एवढा त्याग केला काय, असा विषाद त्यांच्या मुद्रेवर उमटतो. पण तो क्षणभरच. "गूळ सेंद्रिय आहे ना, पण," असे म्हणून ते निश्चिंत मनाने उठतात. एकादशीचा विषय मी होऊन कधी काढीत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचे कूट, वर तूप, बटाटा आणि ‘उपासच आहे’ म्हणून पुन्हा एक बशी. ‘दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या पूर्वजांना कॅलरी ठाऊक नव्हती, पण माणूस ठाऊक होता.

घरच्या आघाडीवर चिरंजीवांच्या डब्याचे प्रकरण काही काळ दफ्तरी दाखल होते, त्याचा वृत्तान्त येथे देणे अवश्य आहे. नाचणीचा लाडू डब्यात दिला की डबा संध्याकाळी धुतल्यासारखा स्वच्छ परत येई, आणि मातृहृदय संतुष्ट होई. पुढे यथावकाश उघडकीस आले ते असे की, शाळेत त्या लाडवाचा दररोज क्रीमच्या बिस्किटांशी वस्तुविनिमय होत होता. दुसऱ्या पक्षाची माता योगायोगाने माझीच रुग्ण. तिने मोठ्या कृतज्ञतेने मला सांगितले की, तुमच्या तक्त्याप्रमाणे वागू लागल्यापासून आमच्या मुलाची तब्येत विलक्षण सुधारली. लाडू माझे, सुधारणा त्यांच्या मुलाची, आणि दात किडले ते आमच्या चिरंजीवांचे, असा हा त्रिपक्षीय व्यवहार होता. मी फी घेतली.

आता कारखान्याविषयी. शंभर ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तिला मोड आणून सत्त्व केले असता धान्यातील विकरे जागी होऊन पिष्टाचे विघटन करतात. त्यामुळे खीर दाट न होता पातळ राहते आणि बाळाच्या इवल्याशा वाटीत अधिक पीठ, म्हणजे अधिक शक्ती मावते. हे सर्व मी पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकले. सासूबाई हे कोठेच शिकल्या नाहीत. त्या नाचणी धुतात, रात्रभर भिजवतात, ओल्या फडक्यात बांधून मोड आणतात, सावलीत वाळवतात, मंद आचेवर भाजतात आणि दळून आणलेले पीठ वस्त्रगाळ करतात, कारण त्यांच्या सासूबाई तसे करीत. आमच्या पुडीवर ‘आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तयार केलेले’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. वस्तुस्थिती अशी आहे की, आहारतज्ज्ञच सासूबाईंच्या देखरेखीखाली काम करते, आणि मोड पुरेसे आले की नाहीत याबाबत तिचे मत विचारात घेतले जात नाही.

अन्नसुरक्षेच्या २००६ सालच्या कायद्यान्वये घरगुती उद्योगासही नोंदणी लागते. अर्ज, जागेचा दाखला, तसबीर, शुल्क असे सर्व सोपस्कार होऊन चौदा अंकी क्रमांक बहाल होतो आणि तो पुडीवर हिरव्या ठिपक्याच्या, घटकपदार्थांच्या आणि निव्वळ वजनाच्या सान्निध्यात छापावा लागतो. जागेच्या पाहणीसाठी एक तरुण अधिकारी आले. सासूबाईंनी त्यांना प्रथम चपला बाहेर काढायला लावल्या, मग पाय धुवायला लावले, आणि नंतर आंबिलीची वाटी पुढे केली. नियमानुसार काही घेता येत नाही, असे ते अत्यंत विनयाने म्हणाले. "अहो, खाल्ल्याशिवाय सुरक्षित आहे हे कळणार कसं?" या सासूबाईंच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हते, निदान त्या अधिकाऱ्यांपाशी तरी नव्हते. शेरा अनुकूल पडला.

इतके सर्व सांगितल्यावर एका स्त्रीची ओळख करून देणे प्राप्त आहे, कारण माझा सारा व्यवसाय तिच्या आधारावर उभा आहे. आमच्या शास्त्रात तिला संदर्भ-स्त्री म्हणतात. भारतीय स्त्रीला किती उष्मांक, किती प्रथिने, किती लोह लागते याचे सर्व हिशेब तिला समोर बसवून मांडले जातात. तिचे वय १९ ते ३९, वजन ५५ किलो. ती निरोगी असते, गर्भवती नसते, तान्ह्या बाळाची आई नसते. आमच्या अहवालांतून चालत आलेल्या व्याख्येनुसार ती आठ तास कामधंदा करते, आठ तास अंथरुणात असते, चार ते सहा तास बसण्या-हिंडण्यात घालवते, आणि दोन तास चालणे, करमणूक किंवा घरकाम यांत. विद्यार्थिदशेत ही व्याख्या मी घोकून पाठ केली आणि तिच्यावर गुणही मिळवले. लग्नानंतर ती पुन्हा वाचनात आली तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की, बसण्या-हिंडण्याचे चारच तास धरले तर बेरीज बावीस भरते, आणि दोन तास चक्क बेवारस राहतात. दुसरी अशी की, करमणूक आणि घरकाम ही एकाच खात्यावर पडली आहेत. कुकरच्या तीन शिट्ट्या, कन्येच्या वेणीतला गुंता, सिंकमधील भांडी आणि उद्याच्या उसळीचे भिजत घालणे ही ज्याला करमणूक वाटते, असा मनुष्य समितीवर असलाच पाहिजे, आणि तो विवाहित असला पाहिजे.

याच शास्त्रात कुटुंबाच्या आहाराचे एकक ठरवण्याचे एक जुने कोष्टक आहे. बैठे काम करणारा पुरुष म्हणजे १.०, बैठे काम करणारी स्त्री ०.८, आणि कष्टाचे काम करणारी स्त्री १.२. त्या हिशेबाने वर्तमानपत्र वाचणारे आमचे यजमान पूर्ण एकक ठरतात, मी दवाखान्यात बसले असता चार-पंचमांश असते, आणि भांडी, फरशी व पाच घरे सांभाळणाऱ्या आमच्या मावशींचा हक्क यजमानांहून अधिक भरतो. मावशींच्या बशीत पोह्यांचे माप मी त्या कोष्टकाप्रमाणेच घालते. यजमानांना कोष्टक अद्याप दाखवलेले नाही. ते सज्जन आहेत. रविवारी चहा ते करतात, आणि ती वार्ता सोमवारपर्यंत नागपूरच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचलेली असते.

व्याख्यानांना गेले की कोणीतरी कमला सोहोनी यांचे उदाहरण देतेच, आणि ते द्यावे असेच आहे. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला असता ज्या हटून बसल्या, १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन ज्या परत आल्या, कुन्नूरच्या पोषण-प्रयोगशाळेत ज्यांनी काम केले, आणि विवाहानंतर मुंबईस येऊन ज्यांनी नीरेवर संशोधन केले, त्या बाईंपुढे मान लववावी तेवढी थोडी. माझ्या वाचनात त्यांच्याविषयी जे काही आले त्यात विकरे आहेत, नीरा आहे, राष्ट्रपतींचे पारितोषिक आहे. पण बाई प्रयोगशाळेत असता घरी भाजी कोण निवडीत होते, याचा उल्लेख मला कोठे आढळला नाही. पुरुष शास्त्रज्ञाच्या चरित्रात तो नसला तर चालते, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते.

कुन्नूरची तीच प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नांदते आहे. तेथील विद्वान मंडळींना माझा असा अर्ज आहे की, पुढील अहवालात करमणूक आणि घरकाम यांची खाती विभक्त करावीत, घरकामाच्या खात्यावर खरा खर्च दाखवावा, आणि ते दोन बेवारस तास ज्या स्त्रीचे असतील तिला शोधून तिच्या स्वाधीन करावेत. साक्षीसाठी सासूबाई हैदराबादला यायला तयार आहेत. प्रवासखर्च मी देईन. डबा त्या स्वतःचा आणतील; बाहेरचे त्या खात नाहीत.